साहेबांवरचा पहारा

मी एक जुना ड्रायर आहे. केस वाळवायचा. आणि मित्रांनो, राग मानू नका, पण माझा तुमच्यावर फारसा विश्वास नाही. तसा तो कुणावरच नाही. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे खोक्यात घालण्याआधी एक बाई आमचं बटण तीन वेळा दाबून बघायची. पहिल्यांदा मी चालू झालो. दुसऱ्यांदाही झालो. तरी तिनं तिसऱ्यांदा दाबलंच. या जगात कुणी कुणाच्या शब्दावर जात नाही, हे मला जन्माच्या दिवशीच कळलं, आणि ते मला पटलंही.

माझा रंग निळा होता, आता विटलाय. मुठीजवळ वायर जरा सुटली होती, तिथे गुंडाळलेली काळी चिकटपट्टी अजून आहे. पण ते नंतरचं. सुरुवातीला मी चांगला तोऱ्यात होतो. एका ताईंच्या पार्लरमध्ये मी अकरा वर्षं काम केलं. ताई म्हणजे माझी मालकीण. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि भिंतीवर माझ्यासाठी एक खिळा, एवढंच ते पार्लर.

बायकांना वाटायचं की ड्रायरच्या आवाजात आपण काय बोलतो ते कुणाला ऐकू जात नाही. मला सगळं जायचं. 'कुणाला बोलू नका हं' असं म्हणून सुरू झालेलं बोलणं चार दिवसांनी दुसऱ्या खुर्चीतून मला परत ऐकू यायचं, तेही तिखटमीठ लावून. दर महिन्याला रंग लावून घेणारी म्हणायची, माझे केस मुळातच काळे. जावेचं कौतुक करणारी जावेचं नाव निघालं की मान ताठ करायची. अशा शाळेत अकरा वर्षं काढल्यावर मन साफ कसं राहणार, तुम्हीच सांगा.

ताईचा मात्र माझ्यावर जीव होता. रोज संध्याकाळी माझ्या पाठीमागची जाळी काढून ती त्यातले केस ब्रशनं झाडायची आणि म्हणायची, "हा माझा उजवा हात आहे." मला बरं वाटायचं. तरी मनात यायचं, आज इतकं गोड बोलतेय म्हणजे उद्या काम जास्त असणार. आणि असायचंच.

मग ती इमारत पाडायला घेतली. खुर्च्या विकल्या, आरसा शेजारच्या शिंप्यानं नेला आणि मी एका पिशवीतून ताईच्या घरी आलो.

घरात माणसं तशी दोनच. ताई आणि तिच्या सासूबाई. ताईचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. तिसरे होते साहेब. साहेब म्हणजे सासूबाईंचा पाळलेला पक्षी, कॉकटील जातीचा. करडा अंगरखा, पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर नारिंगी ठिपका. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढायला उशीर झाला की ते असे काही ओरडायचे की आख्ख्या घराला मेमो मिळाल्यासारखं व्हायचं. त्यावरूनच नाव पडलं. सासरे गेले त्या वर्षी कुणीतरी त्यांना आणून दिलं होतं, त्याला चौदा वर्षं झाली होती. साहेबांना दारावरच्या घंटीची हुबेहूब शीळ घालता यायची. सासूबाई गुडघ्यावर हात देत उठायच्या, दार उघडायच्या, बाहेर कुणी नसायचं. दिवसातून पाच वेळा फसायच्या, पण साहेबांवर कधी चिडल्या नाहीत. सुनेवर मात्र दूध उतू गेलं तरी चिडायच्या.

पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली ती सासूबाई बर्फ काढायला गेल्या तेव्हा. बर्फाच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते उघडलं.

"अगं, हे काय आहे?"

"साळुंकी आहे, आई."

"ते दिसतंय मला. ती इथे काय करतेय?"

"मेलेली आहे. संग्रहालयाच्या काचेवर आपटली. मास्तरांनी रीतसर चिठ्ठी करून दिलीय. मी पक्षी भरायला शिकतेय."

गोष्ट अशी होती. रस्त्याच्या टोकाला एक जुनं संग्रहालय आहे. तिथे काचेच्या कपाटांत भरलेले पक्षी आहेत. ते भरणारे, दुरुस्त करणारे मास्तर आता थकले होते. त्यांना आपल्या जागी कुणीतरी हवं होतं. नाजूक हाताचं माणूस बघतोय, असं त्यांनी पाटीवर लिहून लावलं होतं. ताई गेली. मास्तर म्हणाले, सहा महिन्यांत तीन पक्षी करून दाखवा, तिसरा बरा झाला तर जागा तुमची.

मी हे सगळं ऐकलं आणि म्हटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. जिवंत बायकांचे केस नीट करणारं माणूस मेलेल्या पाखरांच्या मागे कशाला लागेल? हाताला काम हवं, असं ती म्हणाली. सगळे तसंच म्हणतात.

मागच्या खोलीत टेबल मांडलं गेलं. साळुंकीचा बर्फ वितळला. ताईनं तिच्या घशात कापूस घातला, छातीवर बोटभर चीर दिली आणि कातडं सोडवायला लागली. मास्तरांनी बजावलं होतं, पातं कमी वापरा, नख जास्त वापरा. टाकणखाराची पांढरी पूड हाताशी होती, ओल शोषायला आणि कातडं टिकायला. कवटी ठेवायची, पंखांची आणि पायांची हाडं ठेवायची, बाकी सगळं बाहेर. मग ते रिकामं कातडं साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचं. ते धुतल्यावर साळुंकीचा जो अवतार झाला, तो मी सांगत नाही. आणि तेव्हा ताईनं मला पिशवीतून काढलं.

मित्रांनो, माझी पहिली वेळ होती. मी ऊन वारा सोडत होतो, ती बोटांनी पिसं उलटी फुलवत होती आणि एकेक पीस कोरडं होऊन आपापल्या जागी बसत होतं. अर्ध्या तासात त्या चिंधीची परत साळुंकी झाली. काम चोख झालं, हे मला मान्य आहे. पण गिऱ्हाईक एकदाही हललं नाही, पुटपुटलं नाही, 'जरा गरम लागतंय' म्हणालं नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

मग लाकडाच्या किसाचं धड दोऱ्यानं आवळून आत घातलं, तारा घातल्या, टाके घातले, काचेचे डोळे बसवले. मास्तर बघायला आले. बराच वेळ चष्मा वर खाली करून म्हणाले, "ताई, ही साळुंकी आहे की पाण्याची बाटली?"

ताई हसली. "मान लांब झाली ना?"

"मान ओढली तुम्ही. आणि पोट ठासून भरलंत. नवीन माणूस हमखास जास्त भरतं. आत होतं तेवढंच परत घालायचं. मोजा, लिहा आणि जिवंत पक्षी बघत बसा. पाय पोटातून नेमका कुठून निघतो ते बघा. घरात पक्षी आहे ना तुमच्या?"

हे शेवटचं वाक्य सासूबाई स्वयंपाकघरात होत्या म्हणून त्यांना ऐकू गेलं नाही. मी ऐकलं होतं. पण मी काय समजलो? मी समजलो, मास्तरही सामील आहे.

दुसऱ्या दिवसापासून ताई वही घेऊन साहेबांच्या पिंजऱ्यासमोर बसायला लागली. साहेब बसतात कसे, मान कुठून वळते, डोळा चोचीपासून किती लांब, सगळं काढायची. एकदा तर पिंजऱ्याच्या बाहेरून मोजपट्टी धरली. आणि वर विचारते काय?

"आई, साहेबांचं वय किती?"

"चौदा संपली. का?"

"काही नाही, सहज. किती जगतात हे?"

सासूबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. माझ्यात वीज नव्हती, नाहीतर मीही थबकलो असतो. त्याच आठवड्यात टपालानं सगळ्या मापांच्या काचेच्या डोळ्यांची डबी आली आणि तिच्यात एक जोडी बरोब्बर साहेबांच्या डोळ्यांएवढी निघाली. वरच्या मजल्यावरची शेजारीण चहाला आली होती. तिनं ती डबी बघितली, सासूबाईंच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "तुमची सून गुणी आहे हो. पण कोण कशाची वाट बघतंय, ते सांगता येत नाही."

झालं. सासूबाईंच्या डोक्यात किडा शिरला. माझ्या तर तो आधीपासूनच होता, त्याला सोबत मिळाली. आमचं दोघांचं एकमत झालं होतं, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. सून साहेबांच्या मरणाची वाट बघतेय.

त्यांनी तोंडानं काही विचारलं नाही. त्यांनी पहारा बसवला. इतकी वर्षं साहेबांचा पिंजरा गॅलरीत असायचा, मोकळ्या हवेत. त्या दिवशी दुपारी सासूबाई पिंजरा उचलून मागच्या खोलीत घेऊन आल्या, टेबलापासून दोन हातांवर स्टुलावर ठेवला आणि शेजारी खुर्ची टाकून बसल्या.

"बसते इथेच. एकटीला करमत नाही."

"बसा की, आई," ताई म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासूबाई आपण होऊन तिच्याजवळ कधी बसल्या नव्हत्या. तिला खरंच आनंद झाला होता. मी म्हटलं, नाटकी आहे.

रोज दुपारी मग असंच. ताई काम करायची, सासूबाई चष्म्याच्या वरून तिच्या हातांकडे बघायच्या, साहेब दोघींवर डाफरायचे. मी मनातल्या मनात सासूबाईंना म्हणायचो, वा, असा पहारा पाहिजे, पापणी लवू देऊ नका. दुसरा पक्षी, कोंबडीचं पिल्लू, बरा जमला. मास्तर म्हणाले, कोंबडी ओळखू येते आहे.

तिसरं होतं कबुतर. कबुतर अवघड. हात लावला की पिसं गळतात, आणि अंगावर बारीक पांढरी भुकटी असते, ती सगळीकडे उडते. सोमवारी मास्तरांना दाखवायचं होतं आणि आज शनिवार होता. ताईनं कातडं धुतलं. वाऱ्यानं पिसं उडू नयेत म्हणून तिला खिडकी लावायची होती, पण ती उठायच्या आधीच सासूबाईंनी ती लावली. साहेबांना वारा लागेल म्हणून.

मी चालू झालो. अर्धा तास झाला, पाऊण झाला. कबुतर काही वाळेना. पार्लरमध्ये असताना माझी जाळी रोज झाडली जायची. या घरात आल्यापासून ताईला ते सुचलं नव्हतं, सगळं लक्ष पाखरांत. जाळीत पिसं आणि भुकटी गच्च बसली होती, मला श्वास पुरत नव्हता. मी तापलो. एक हलकासा वास आला. मला वाटलं, टाकणखाराचा असेल. आणि मी पुन्हा ताईच्या हातांवर नजर ठेवली.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. म्हणजे साहेबांनी वाजवली, तीही अर्धवट. सासूबाई सवयीनं उठल्या, दारापर्यंत गेल्या, बाहेर कुणी नव्हतं. परत आल्या तर साहेब दांडीवर नव्हते. पिंजऱ्याच्या तळाशी पडले होते, एक पंख उघडा टाकून.

सासूबाईंनी त्यांना ओंजळीत घेतलं. दोनदा हाक मारली. मग ताईकडे बघितलं. आवाज चढवला नाही, आणि त्यामुळे तो जास्तच लागला.

"काय दिलंस त्याला?"

"आई, मी जागची हलले नाही."

"मी दाराशी गेले तेवढ्यात. ती पांढरी पूड तुझ्या हातालाच आहे."

ताईनं मला बंद केलं, पण खाली ठेवलं नाही. तिचा उजवा हात माझ्या मुठीवर होता, हे मी शपथेवर सांगेन. पण माझं तोंड कबुतराच्या पोटाकडे होतं. डावा हात कुठे होता, हे मला दिसलं नाही. आणि जे दिसत नाही, तिथेच पाणी मुरतं, असं मी आयुष्यभर मानत आलो होतो. म्हणून मी मनात सासूबाईंच्या बाजूनं उभा राहिलो.

संध्याकाळी सासूबाईंनी आपली पिशवी भरली. चादर, औषधं, दोन साड्या. लेकीकडे जाते म्हणाल्या, सोमवारच्या गाडीनं. परत कधी येणार ते सांगितलं नाही. पण जाण्याआधी एक अट घातली. साहेब कशानं गेले ते मास्तरांकडून बघून आण, आणि मला खरं सांग.

रविवारी ताईनं साहेबांना रुमालात गुंडाळून डब्यात ठेवलं. पिशवीत वही घेतली, टाकणखाराची पुडी घेतली, हत्यारं घेतली आणि मलाही घेतलं. त्या टेबलावर जे जे होतं ते सगळं. मास्तरांनी साहेबांची चोच उघडून बघितली, बोटं पोटावरून फिरवली, पुडी बाजूला सारली. "याच्यानं नाही. हे खाल्लेलंच नाही त्यानं. पिंजरा कुठे होता?"

"टेबलाजवळ. दोन हातांवर."

"खिडकी?"

"लावलेली."

मास्तरांनी मला उचललं. मागची जाळी काढली, आतली पिसं टेबलावर झाडली. मग मला नाकाशी नेलं आणि खिडकीजवळ धरून आत बघितलं. "ताई, याच्या आत लेप आहे. काही ड्रायरमध्ये असतो, सगळ्यांत नसतो. न चिकटणाऱ्या तव्याला असतो ना, तसलाच. फार तापला की त्याची वाफ सुटते. आपल्याला सहसा काही होत नाही. पण पाखराची फुप्फुसं फार नाजूक. बंद खोलीत दहा मिनिटं पुरतात."

मित्रांनो, त्या लेपाबद्दल मी तुम्हाला मघाशी बोललो नाही. त्याची मला फार घमेंड होती. कारखान्यातली बाई तो बोटानं चाचपायची आणि म्हणायची, याला काही चिकटणार नाही. मी ताईची झडती घेतली, मास्तरांची घेतली, पार्लरमधल्या गिऱ्हाइकांची घेतली. एकाची तेवढी राहिली. साहेबांना मी मारलं. मला हे नंतर कितीतरी वेळा दुसऱ्या कुणावर तरी ढकलावंसं वाटलं, पण ढकलता येत नाही.

ताई स्टुलावर बसून राहिली. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "नवशिक्याला हे ठाऊक नसतं. मी सांगायला हवं होतं, घरात पक्षी आहे हे मला माहीत होतं. म्हातारा पक्षी होता. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

घरी जाईपर्यंत माझी खात्री होती की ती लपवणार. वय झालं होतं, एवढं म्हटलं की सुटली असती. सासूबाईंचं जाणं टळलं असतं, मास्तरांनीही तोंड उघडलं नसतं. मीसुद्धा वाचलो असतो. खरं सांगतो, तिनं खोटं बोलावं असं मला त्या दिवशी मनापासून वाटत होतं.

सासूबाई दाराजवळच बसल्या होत्या, पिशवी पायाशी. ताईनं मला टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लेप, वाफ, न झाडलेली जाळी. काही गाळलं नाही. "माझ्या हातून झालं, आई. मुद्दाम नाही, पण माझ्याच हातून."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग स्टुलाकडे, जिथे पिंजरा होता तिथे.

"पिंजरा इथे मी आणला," त्या म्हणाल्या. "खिडकी मी लावली."

"तुम्हाला काय ठाऊक होतं?"

"तुझ्यावर नजर ठेवायला आणला होता. करमत नाही म्हणून नाही." सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "एक विचारते. तो गेल्यावर तू त्याला भरणार होतीस ना?"

"नाही, आई."

"मग वय कशाला विचारलंस? मापं कशाला घेत होतीस?"

"जिवंत पक्षी कसा बसतो ते शिकत होते. वय विचारलं ते ... तुम्हाला त्याची किती वर्षांची सोबत उरलीय, ते मनात आलं म्हणून. साहेबांना हात लावायची माझी छातीच झाली नसती. मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले होते, घरातला पक्षी कधी भरायचा नाही. बाहेरच्याला तो हुबेहूब वाटतो, पण ज्यानं रोज बघितलाय त्याला ओळखू येत नाही. तुम्हाला तो तुमचा साहेब वाटलाच नसता."

"एवढंच होतं, तर आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, आई."

सोमवारची गाडी सासूबाईंशिवायच गेली. साहेबांना गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत दोघींनी मिळून पुरलं. कबुतर ताईनं रविवारी रात्रीच पुन्हा भिजवलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालून वाळवलं, चार तास लागले. त्यातला दीड तास पुठ्ठा सासूबाईंच्या हातात होता. मास्तरांना ते कबुतर बरं वाटलं आणि जागा ताईला मिळाली.

मी आता संग्रहालयाच्या मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. माझी वायर काढून टाकली आहे. नवीन शिकणारं कुणी आलं की ताई आधी मला खाली घेते, आतला काळा लेप दाखवते आणि सगळी हकिगत सांगते. स्वतःचं नाव गाळत नाही, माझंही गाळत नाही. माझी बोलती केव्हाच बंद झाली आहे, पण ऐकू अजून सगळं येतं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी पाखरू असेल तर त्याच्या खोलीत माझ्यासारख्याला लावू नका. लावायचाच तर दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून आणि जाळी झाडून. तुम्ही आज घरी जाऊन ते तपासाल असं मला वाटत नाही, माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. पण दुसरं एक तरी करा. घरातल्या माणसाबद्दल मनात काही आलं, तर पहारा बसवायच्या आधी त्याला एकदा तोंडानं विचारा. सासूबाईंनी शेवटी विचारलं. उत्तर अर्ध्या मिनिटाचं होतं, आणि ते ऐकायला साहेब उरले नव्हते.